चौदा डोकी

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आई म्हणते, जन्मल्या जन्मल्या 'मुलगी झाली' हे नर्सला मीच सांगितलं असणार. आत्या मला टकळी म्हणते. यंदा मी शाळेच्या वादविवाद संघात आहे आणि माइक बंद पडला तरी माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. ही फुशारकी नाही. बरं, थोडी आहे. पण सांगायचं असं की एवढी बोलकी मी, आणि एक गोष्ट सात महिने तोंडात धरून बसले होते. ती गोष्ट माझ्या आत्याची आहे.

आत्या व्यावसायिक गोल्फपटू होती. 'होती' लिहिताना अजून पेन अडखळतं. सोळा वर्षं खेळली ती. तुम्ही तिचं नाव ऐकलं नसणार, त्यात तुमची काही चूक नाही. निकालाच्या यादीत बाबा तिचं नाव मधल्यापासून खाली शोधायचे, वेळ वाचतो म्हणून. ती जिंकली एकदाच, दुसऱ्या वर्षी. तो चषक स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे आणि आई त्यात कपड्यांचे चिमटे ठेवते. पाहुणे हळहळले की आत्याच म्हणते, "असू द्या हो, निदान रोज कुणाचा तरी हात लागतो त्याला."

सोळाही वर्षं तिची बॅग बाबांच्या खांद्यावर होती. माझे आजोबा गोल्फच्या मैदानावर गवत कापायचे. हे दोघं भाऊबहीण लहानपणी झुडपांतून हरवलेले चेंडू गोळा करायचे, मग एका मोडक्या स्टिकनं तेच चेंडू परत हरवायचे. (गोल्फच्या काठीला क्लब म्हणतात, पण आमच्या घरात स्टिकच.) आत्या बाबांपेक्षा सात वर्षांनी लहान आणि अर्ध्या डोक्यानं उंच, तरी बाबा तिला 'बारके' म्हणतात. मैदानावर त्यांचं भांडण ठरलेलं असायचं.

"दीडशे," आत्या म्हणायची. म्हणजे चेंडूपासून झेंड्यापर्यंत दीडशे यार्ड.

"एकशे त्रेपन्न," बाबा म्हणायचे.

"दादा, वारा बघ."

"वारा बघूनच सांगतोय, बारके."

आणि ती एकशे त्रेपन्नचा फटका मारायची. नेहमी.

स्पर्धा नसली की बाबा घरामागच्या शेडमध्ये लोकांच्या स्टिक दुरुस्त करतात. मुठीचं झिजलेलं रबर बदलणं, वाकलेली दांडी सरळ करणं, सुटलेलं डोकं परत चिकटवणं. मी सहा वर्षांची असताना त्यांनी एक जुनी स्टिक माझ्या मापाची कापून दिली. एवढीशी, गुलाबी रबराची. मी उंच झाले, ती राहिली तेवढीच. पण मी तिला कुठंही नेते. तिच्यानं चेंडू मारताना मला कमरेतून वाकावं लागतं आणि आत्या म्हणते, "काय गं, जमिनीला कानगोष्ट सांगतेस का?"

गेल्या वर्षी बाबांची पाठ गेली. मणका सरकला. डॉक्टर म्हणाले, पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, निदान आठ महिने. त्याच सुमारास आत्याचं उजवं मनगटही कुरकुरायला लागलं होतं. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं, जपून खेळलीस तर अजून एक वर्ष निघेल, पुढचं सांगू शकत नाही. तिनं गणित मांडलं. या हंगामाचे उरलेले सामने कसेबसे काढायचे, कार्ड राखायचं, आणि पुढचं शेवटचं वर्ष दादाबरोबर खेळायचं. कार्ड म्हणजे पुढच्या वर्षी खेळायचा परवाना. वर्षाच्या शेवटी गुणांच्या यादीत पहिल्या ऐंशी जणींनाच तो मिळतो.

"सुरुवात आपण दोघांनी केली, शेवटही दोघांनीच करायचा," ती बाबांना म्हणाली. "तू फक्त पाठ नीट कर. मी कार्ड आणते."

बाबा बिछान्यात पालथे पडले होते. उशीत तोंड घालूनच म्हणाले, "आण."

शेवटच्या स्पर्धेच्या वेळी आत्या चौऱ्याऐंशीवी होती. तिथं पहिल्या दोन दिवसांची चाळणी पार केली असती तरी पुरेसे गुण मिळाले असते. जिंकायचं नव्हतं, नुसतं टिकायचं होतं. मला शाळेची सुट्टी होती. बॅग मी उचलायची ठरली. आम्ही हलकी बॅग घेतली, तरी ती अकरा किलो भरली.

निघायच्या आदल्या दुपारी बाबांनी मला शेडमध्ये बोलावलं. उभं राहायची बंदी, म्हणून खुर्चीवर उशा लावून बसले होते.

"बाकी सगळं तुझ्या आत्याला येतं. तुझं काम एकच. पहिल्या फटक्याआधी स्टिक मोजायच्या. मोठ्यानं. चौदाच्या वर एक जरी निघाली तर होलला दोन फटके दंड, असा चारपर्यंत चढतो."

"कशा मोजू? दांड्या एकमेकींत घुसतात."

"दांड्या मोजायच्याच नाहीत. डोकी मोज. डोकी वर असतात. सोळा वर्षं मी डोकीच मोजली, एकदाही चुकलो नाही."

मी त्यांच्यासमोर पाच वेळा मोजून दाखवलं. पाचही वेळा चौदा.

पहिला दिवस छान गेला. मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा आत्यानं एक कमीच घेतला. संध्याकाळी बाबांनी फोनवर एकेका होलचं वर्णन माझ्याकडून वदवून घेतलं आणि शेवटी "हं" म्हणाले. त्यांचं 'हं' म्हणजे आमच्याकडे टाळ्यांचा कडकडाट.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाच्या हिरवळीवर मी पाण्याची बाटली दोनदा पाडली. आत्या एका एकोणीस वर्षांच्या मुलीला काहीतरी दाखवत होती. लांब वेणी, पहिलंच वर्ष, छोटे फटके सारखे हुकत होते म्हणून रडकुंडीला आलेली. "चेंडू आत पडल्याचा आवाज येईपर्यंत डोकं वर करायचं नाही. आवाज आला नाही तरी करायचं नाही," आत्या तिला सांगत होती. मग माझ्याकडे वळली. "आणि तुझं हे काय? कप धरलास तर चहा सांडेल. जा, तुझ्या त्या गुलाबीनं चार चेंडू मार, हात मोकळे होतील."

मी मारले. चार नाही, वीस मारले. इतक्यात आमचा पुकारा झाला. मी पळत आले, टॉवेल, पाण्याची बाटली, हातमोजे, जे हाताला लागलं ते बॅगेत कोंबलं आणि आत्याच्या मागे धावले.

पहिल्या होलवर मी मोठ्यानं डोकी मोजली. "एक, दोन, तीन..." पुकारा करणारे म्हातारबाबा हसायला लागले, इतक्या मोठ्यानं. "चौदा!" आत्यानं अंगठा वर केला.

पाचव्या होलवर तिचा चेंडू उंच गवतात गेला. तिनं आठ नंबर मागितली. मी ओढली, तर तिच्या मुठीला अडकून आणखी एक डोकं वर आलं. बारकं, जुनं, त्यावर मी सहाव्या वर्षी लावलेला नेलपॉलिशचा ठिपका.

आखूड स्टिक बॅगेच्या काठाखाली पूर्ण बुडाली होती. डोकं वरून दिसणारच नव्हतं.

जवळपास कुणी नव्हतं. बरोबर खेळणारी पलीकडच्या कडेला होती. बोटानं दाबली असती तर ती परत खाली गेली असती. हे मी नंतर कितीदा मनात करून बघितलंय, बोटानं दाबणं. पण तेव्हा तोंड आधी सुटलं होतं.

"आत्या, पंधरा."

"काय?"

"पंधरा आहेत. माझी आत राहिली."

तिनं स्टिककडे बघितलं. मग चेंडूकडे. मग हातमोज्यातला हात वर करून पंचांना बोलावलं. एवढंच. तिच्या चेहऱ्यावर काही आलं असेल तर ते मी बघितलं नाही, कारण मला काही दिसतच नव्हतं.

पंच सभ्य गृहस्थ होते. त्यांनी स्टिक हातात घेऊन उलटसुलट बघितली. "ही तर खेळणं आहे हो," ते म्हणाले, आणि त्यांनाच वाईट वाटलं. "पण नियमाला लहान-मोठं नसतं. पहिल्या दोन होलना दोन-दोन. चार फटके." मग ती बाहेर बांधायला लावली, वापरायची नाही म्हणून. आत्यानं टॉवेलच्या पट्ट्यात अडकवली. पुढचे सगळे होल ते गुलाबी रबर बॅगेवर लटकत माझ्या कोपराला लागत राहिलं.

"रडायचं असेल तर चालता चालता रड, टकळे," आत्या म्हणाली. "थांबून रडलीस तर वेळ काढला म्हणून आणखी दंड लावतील."

मग ती जे खेळली ते मी कधीच विसरणार नाही. आई शपथ, मी काही उगाच माझ्या आत्याचं कौतुक करत नाहीये. चेंडू तिचं ऐकत होता. मी अंतरांच्या वहीत बघून म्हणायचे, "दीडशे," आणि ती वाऱ्याकडे तोंड करून बाबांच्या घोगऱ्या आवाजात म्हणायची, "एकशे त्रेपन्न," आणि तेच बरोबर निघायचं. मधेच मी हसले. खरंच हसले. मनगटाला तिनं दोनदा नवी पट्टी गुंडाळली, दात लावून फाडून. शेवटच्या होलवर खोलीएवढ्या अंतरावरून चेंडू आत घातला आणि डोकं खालीच ठेवून उभी राहिली. दोन दिवसांचा हिशेब, दंड धरून, ठरलेल्यापेक्षा एक फटका जास्त. त्या घडीला चाळणीची रेषा तिथंच होती. एक जास्त.

म्हणजे आता वाट बघायची. आमच्या मागे अजून निम्म्या जणी खेळत होत्या.

खेळाडूंच्या जेवणघरात भिंतीवर पडदा होता आणि त्यावर यादी. पहिल्या साठ जणी पुढे जाणार आणि त्यांच्या बरोबरीच्या. आत्याच्या वर तेव्हा त्रेपन्न नावं होती. तिनं बूट काढले, मनगट बर्फाच्या वाडग्यात बुडवलं आणि मला सूप आणायला पाठवलं. मी येईपर्यंत चौपन्न झाली. सूप निवेपर्यंत सत्तावन्न.

"बघू नकोस ना," मी म्हणाले.

"मी कुठं बघतेय? तू बघतेस. मी तुझा चेहरा बघतेय. पुरतो तेवढा."

चार तास. माणसं येत होती, ताटल्या उचलून नेत होती, एकीनं वाढदिवसाचा फोन घेतला. एकोणसाठ. तिथं ती संख्या इतका वेळ थांबली की मी मनातल्या मनात बाबांना फोन करूनही टाकला. मग शेवटचा गट शेवटच्या होलवर आला. त्यात ती वेणीवाली होती. तिचा छोटासाच फटका राहिला होता. तो आत गेला तर ती साठावी, रेषा एकनं वर, आणि आत्या बाहेर.

पडद्यावर तिची वेणी दिसत होती. फटका मारला. चेंडू आत पडला, तरी ती खालीच बघत राहिली.

"नाही हललं डोकं पोरीचं," आत्या म्हणाली. आणि तिनं टाळ्या वाजवल्या, ओल्या हातानं. बर्फाचं पाणी टेबलावर उडालं. मी ते माझ्या बाहीनं पुसलं, मग परत पुसलं, कोरडं झाल्यावरही.

बाबांना फोन तिनंच केला. मी शेजारीच होते.

"दादा, गेलं रे. चार फटके दंड बसला. जुनी एक स्टिक आत राहिली होती." थांबली. "नाही, तिची काही चूक नाही. मी घाई केली. मी तिला मोजूच दिलं नाही."

मी तोंड उघडलं. तिनं ओला, थंडगार हात माझ्या तोंडावर ठेवला.

फोनमधून बाबांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "न मोजता निघालीस? सोळा वर्षांनी? न मोजता?" आणि फोन बंद.

परतताना गाडीत मी म्हणाले, "खोटं का बोललीस?"

"कुठं खोटं? स्टिक किती आहेत ही जबाबदारी खेळणारीचीच असते. नियमांच्या पुस्तकात आहे, वाच."

"आत्या!"

"माझ्यावर रागवायची त्याला सवय आहे. आठवड्यात निवळेल. तुझ्यावर त्याला रागावता येणार नाही. मग तो आतल्या आत कुढेल, आणि पाठीचं दुखणं काय कमी आहे का? गप्प बस. एवढी एक गोष्ट गप्प बस."

आठवड्यात निवळलं नाही. बाबा आत्याशी बोलेनात. ती घरी यायची, ते शेडमध्ये जायचे. बॅग मी शेडच्या कोपऱ्यात ठेवली होती, तिच्यावर त्यांनी जुनी चादर टाकली. त्यांची पाठ बरी झाली, अगदी डॉक्टरांनी सांगितली होती त्या महिन्यात, आणि ते सरळ उभे राहिले, पण आता त्यांना जायला कुठं नव्हतं. एकदा आई म्हणाली, "अहो, एवढं काय, माणूस चुकतं." तर म्हणाले, "चुकणं वेगळं. तिनं मोजलंच नाही. मला सांगायचं तरी, की आता माझं मन नाही." त्यांना वाटत होतं, आत्यानं ते शेवटचं वर्ष फेकून दिलं. त्यांच्याबरोबरचं वर्ष.

आत्यानं गावाबाहेरच्या सराव-मैदानावर शिकवायचं काम धरलं. पत्र्याखाली एका रांगेत वीस कप्पे, समोर लांब उतार, आणि त्यावर पिवळे चेंडू सांडलेले. तिच्याकडे एक दाताचे डॉक्टर येतात, दोन निवृत्त मास्तर येतात आणि शनिवारी लहान मुलं येतात. मीही शनिवारी जाते. माझी गुलाबी स्टिक मी तिला देऊन टाकली होती, नजरेसमोर नको म्हणून. तिच्यानं आता पाच वर्षांची मुलं चेंडू मारतात.

मागच्या शनिवारी तिनं ती माझ्या हातात दिली. "रबर पार गेलंय. पोरांच्या हातातून सटकते. तुझ्या बापाकडून नवं बसवून आण. माझं म्हणून सांगू नकोस, नाहीतर ठेवून देईल."

मी ती घेऊन शेडमध्ये गेले. बाबा चष्मा कपाळावर चढवून एका दांडीतून एक डोळा मिटून बघत होते.

"हिचं रबर बदलायचंय."

"अरे, ही?" त्यांचा चेहरा सैल झाला. "ही कुठं होती इतके दिवस?"

वादविवादाच्या स्पर्धेत मी प्रतिपक्षाला तीन वाक्यांत गार करते. इथं मी पुरावाच पुढे ठेवायचं ठरवलं. मी कोपऱ्यात गेले, बॅगेवरची चादर काढली, बॅग ओढत त्यांच्या पुढ्यात आणली. गुलाबी स्टिक आत टाकली. टक् करून बुडाशी गेली.

"मोजा," मी म्हणाले.

"काय थट्टा आहे?"

"मोजा ना बाबा. तुमच्या पद्धतीनं."

ते वाकले. बोट एकेका डोक्यावर ठेवत मोजलं. थांबले. चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा मोजलं.

"चौदा."

मी बॅगेत कोपरापर्यंत हात घातला आणि पंधरावी बाहेर काढली.

"मी मोजल्या होत्या," मी म्हणाले. "मोठ्यानं. आत्यानं मला मोजू दिलं होतं. चौदाच आल्या."

बाबांनी माझ्या हातातून ती घेतली. डोक्यावरचा नेलपॉलिशचा ठिपका अंगठ्यानं पुसून बघितला. निघत नाही तो. मग दांडीचं टोक बघितलं, जिथं त्यांनी ती कापली होती.

"कापली मीच," ते म्हणाले. "आणि डोकी मोज, हेही मीच सांगितलं." खुर्चीवर बसले. "आखूड आहे. हिचं डोकं दिसणार कुठून."

मी रडत होते. ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. आत्याला हे बरोबर माहीत होतं. त्यांनी जुनं रबर पात्यानं उभं चिरलं, सोलून काढलं, दांडी पुसली, नवं रबर चढवलं. पुन्हा गुलाबीच. त्यांच्या खणात होतं, कधीपासून कोण जाणे. रबराचा गोंद वाळेपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो.

"चल," मग ते म्हणाले. "बॅगपण घे."

मैदानावर आत्या दाताच्या डॉक्टरांना शिकवत होती. बाबा मागे जाऊन उभे राहिले, हात पाठीवर. दोन फटके बघितले.

"बारके, याचा उजवा खांदा उघडतोय."

आत्याची पाठ होती आमच्याकडे. ती वळली नाही. "बघतेय, दादा," म्हणाली. मग डॉक्टरांना म्हणाली, "तुम्ही जरा पाणी पिऊन या." डॉक्टर बिचारे पाण्याची भरलेली बाटली तिथंच ठेवून गेले.

आत्यानं आधी माझ्याकडे बघितलं. "नाहीच ना भिजला तीळ?"

"सात महिने भिजला."

"मग काय, मोड आले असतील."

बाबा हसले नाहीत. "मला सांगायचं होतंस, बारके."

"सांगून काय होणार होतं? कार्ड परत आलं असतं?"

"नाही. पण माझे सात महिने..." त्यांनी बोट नुसतं बॅगेकडे केलं. "कार्डासाठी अजून एकदा पात्रता फेरी खेळ... मी उचलतो ना आता. पाठ बरी आहे."

आत्यानं उजवा हात पुढे केला आणि मूठ मिटायचा प्रयत्न केला. बोटं अर्ध्यावर येऊन थांबली. बाबांनी ते पहिल्यांदाच बघितलं. मी दर शनिवारी बघते.

"हे मनगट त्या वर्षासाठीच राखलं होतं, दादा. झालं ते वर्ष."

पत्र्याखाली कुणीतरी चेंडू मारत होतं, टक्, टक्. बाबांनी वाकून बॅग उचलली, खांद्यावर नाही, नुसती हातात, आणि कप्प्यात आणून उभी केली. मुंगीच्या वेगानं एकेका डोक्यावरून हात फिरवत सात नंबर काढली, रुमालानं पुसली आणि तिच्यापुढे धरली.

"एकच मार."

"दुखतं रे."

"एकच."

तिनं स्टिक घेतली. अर्धीच मूठ. पिवळा चेंडू पुढ्यात ओढला आणि उताराकडे बघितलं. "दीडशे," म्हणाली.

बाबांनी ओठ घट्ट मिटून वाऱ्याकडे बघितलं. "एकशे त्रेपन्न."

तिनं मारला. चेंडू उंच गेला, सरळ, आम्ही तिघं माना वर करून बघत राहिलो. मग तो खाली आला, खालच्या शेकडो पिवळ्या चेंडूंत दोन टप्पे घेऊन थांबला. बाबा बोट दाखवून म्हणाले, "तो बघ, तो." मी म्हणाले, "नाही, त्याच्या शेजारचा." आत्या डोळ्यांवर हात धरून बघत होती. तेवढ्यात चेंडू गोळा करणारी गाडी उतारावरून आली आणि ती रांगच्या रांग उचलून पुढे गेली.